भट्टीवालीचा डूख

प्शेरोवमध्ये कोणालाही विचारा, सांगतील की यार्मिला ओह्लीदालोवानं चेस्तमीर ब्लाहाच्या गाडीत अजगर सोडला, तो ऐन पुलावर ब्लाहाच्या पायाला गुंडाळला आणि गाडी कठडा तोडून बेच्वा नदीत गेली. सांगणारी बेकरीतली असेल तर गाडीत ड्रायव्हिंग शिकायला आलेली एक मुलगीही असते. सांगणारी टपाल कचेरीतली असेल तर ती मुलगी गरोदर असते.

यातलं काहीही खरं नाही. पुलावर घसरली ती गाडी दुसऱ्याच कोणाची, आणि तीही कठड्याला टेकून थांबली. यार्मिलानं गाडीत अजगर सोडणं तर शक्यच नव्हतं. "जानेवारीत?" ही बातमी तिच्या कानावर आली तेव्हा ती म्हणाली, "त्या थंडगार डब्यात? आजारी पडला असता की बिचारा." बिचारा म्हणजे अजगर.

तिनं जे केलं ते याहून वाईट होतं. तिनं ब्लाहाला भर सभेत मान दिला.

यार्मिलाचं केशकर्तनालय स्टेशनजवळच्या इमारतीत तळमजल्यावर आहे. तीन खुर्च्या, दोन जुने टोपीसारखे ड्रायर, आणि भिंतीवर एका बाईचा फोटो, जिच्यासारखे केस आजवर कोणाचेच झालेले नाहीत. वर तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा वीत राहतात. वीत मालगाड्यांचे डबे जोडतो-तोडतो आणि घरी आल्यावर बोलत नाही, कारण दिवसभर ओरडून झालेलं असतं. मुलगा ब्रनोला गेला तेव्हा त्याच्या खोलीत रिकामे कप्पे राहिले, आणि त्या कप्प्यांत यार्मिलानं अजगर ठेवले. मोठे नव्हेत. आफ्रिकेतली ती बुटकी जात, घाबरली की स्वतःचाच चेंडू करून डोकं आत लपवणारी. "माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा शहाणे," ती म्हणते. "नको असलं की तोंड बंद ठेवतात."

गावात असं अजगरांचं वेड असलेली पंधरावीस माणसं आहेत. त्यांचं मंडळ आहे, आणि मंडळाची बैठक महिन्यातून एकदा एका बिअरच्या खाणावळीच्या मागच्या खोलीत भरते. त्या खोलीत चेस्तमीर ब्लाहाचा शब्द चालायचा. ब्लाहा गाडी चालवायला शिकवतो. अर्ध्या गावाच्या कानात त्याचा आवाज मुरलेला आहे, तोच तो, लोण्यात घोळवलेला: "हळू, ताई, हळू. क्लच आहे तो, झुरळ नाही." ज्या माणसानं तुम्हाला चौकात गाडी बंद पाडून रडताना पाहिलंय, त्याच्याशी पुढे जन्मभर वाद घालता येत नाही. त्यात त्याच्याकडे सम्राट होता.

सम्राट म्हणजे त्याचा नर. काळ्या रेघांची बारीक जाळी अंगभर, जणू मधावर कोळ्यानं घर विणलंय. अशी जाळी पिल्लांत उतरावी म्हणून लोक आपापल्या साध्या माद्या घेऊन ब्लाहाच्या दारात उभे राहायचे. जोडी जमली की निम्मी पिल्लं साधी निघतात आणि निम्मी जाळीवाली. यार्मिलानंही आपली तपकिरी मादी नेली. अंडी झाली, तिनं ती स्वतःच्या उबवणपेटीत ठेवली, दिवसातून दहा वेळा काचेतून डोकावली, आणि पिल्लं बाहेर आली.

जाळीवाली होती ती डुलत होती.

डुलत म्हणजे पुंगीवर नव्हे. मान एकाएकी कलायची, डोकं हवेत गिरक्या घेत वर जायचं, उलटं व्हायचं आणि पिल्लू छताकडे बघत बसायचं. उंदराचं बोटभर पिल्लू समोर धरलं तर झडप वीतभर लांब पडायची. त्यातलं एक तर जेवूच शकलं नाही. यार्मिलानं त्याला तळहातावर घेऊन चिमट्यानं भरवलं, आठवडे भरवलं, आणि ते तळहातावरच मेलं.

दुसरं एक डब्यात घालून ती बैठकीला गेली. "चेस्तमीर," तिनं विचारलं, "हे असं का करतंय?"

ब्लाहानं पिल्लाकडे पाहिलं. मग खोलीकडे पाहिलं. आणि आपला तो आवाज काढला. "यार्मिल्का, यार्मिल्का. पेटी किती तापवली होतीस? अंडी उबवायची असतात, बाळ. भाजायची नसतात."

खोली हसली. तेवढ्यात खाणावळवाली बदकाचं ताट घेऊन आली, बदक जरा जास्तच लाल झालेलं, आणि कोणीतरी म्हणालं, "हे काय, यार्मिलानं भाजलं वाटतं?" मग खोली जी हसली ती थांबेचना. त्या दिवसापासून ती भट्टीवाली. तिची साधी, ठणठणीत पिल्लंही कोणी घेईना. विक्रीच्या बाजारात तिचं टेबल दाराशी, थंड वाऱ्यात गेलं. पावाच्या दुकानात एक पोरगा तिला म्हणाला, "मावशी, हे भाजणं तर तुम्हाला सहजच जमत असेल."

लोक म्हणतात साप डूख धरतात. तिच्याकडचे धरत नाहीत, काल चिमटा बसला तरी आज विसरतात. डूख धरला तो यार्मिलानं.

ती ओरडली नाही. तिनं नुसते केस कापले. आणि केस कापताना बायका बोलतात, ड्रायरखाली बसल्या की जरा मोठ्यानंच बोलतात, कारण त्यांना स्वतःचं ऐकू येत नाही. मंडळातल्या सगळ्या पुरुषांच्या बायका तिच्याकडे यायच्या.

"आमच्या ओल्द्रिखनं तिसरा थर्मोस्टॅट आणला," ओल्द्रिखची बायको गरजली. "पेटीत काहीतरी बिघाड आहे म्हणतो. पिल्लं भोवऱ्यासारखी फिरतात. कोणाला सांगू नको हं."

"नाही सांगत," यार्मिला म्हणाली. "मान खाली."

पुढच्या आठवड्यात कामिलची बायको. "रात्र रात्र पेटीशी बसतो हो. मी म्हटलं माझ्याशी बस कधी. फिरकी पिल्लं कपाटात लपवून ठेवलीत, आणि बाजारात फक्त साधी नेतो. भट्टीवाला म्हणतील अशी भीती वाटते त्याला." मग आरशात यार्मिलाचे डोळे दिसले आणि ती लाल झाली. "तुमच्याबद्दल नव्हतं ते."

"नसणारच," यार्मिला म्हणाली आणि तिच्या डोक्यावरची टोपी जरा जास्त गरम केली.

असं एकेक करून कळत गेलं. सम्राटाची पिल्लं जिथे जिथे निघाली होती तिथे जाळीवाली डुलत होती, आणि प्रत्येक घरात एक पुरुष स्वतःच्याच पेटीला शिव्या घालत गप्प बसला होता. ओल्मोउत्स शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तर यार्मिलाला सरळच सांगितलं: पेटीचा काही संबंध नाही, हे जाळीबरोबरच येतं. नक्षी आणि ही खोड एकाच गाठोड्यात बांधलेली असतात, बाप स्वतः कितीही ताठ दिसो. आणि सम्राट दिसायचा ताठ. जेवायच्या वेळी मान किंचित हलायची, पण ब्लाहा त्याला म्हणायचा "स्वभाव."

दुसरं कोणी असतं तर पुढच्याच बैठकीत उभं राहून सगळं ओकून टाकलं असतं. यार्मिलाला ते नको होतं. भट्टीवाली बोलली असती, सगळे हसले असते, झालं. तिला हवं होतं की हे ब्लाहाच्या तोंडून निघावं. तेही त्याच्या स्वतःच्या पेटीतून निघाल्यावर.

म्हणून दोन वर्षांनी, हिवाळ्यातल्या बैठकीत ती उभी राहिली. पांढरा सदरा, नवे रंगवलेले केस, गरीब गाईसारखा चेहरा. तिचा असा चेहरा गावानं आधी कधी पाहिला नव्हता, पण पुरुषांनी तो लगेच खरा मानला.

"चेस्तमीर बरोबर होता," ती म्हणाली. "मला उबवता येत नाही. माझी पेटी मी भंगारात टाकली. सम्राट आणखी एकदा माझ्या मादीला दे, या वेळी माझ्या घरी, आणि अंडी तू उबव. कसं करतात ते सगळ्यांना दिसू दे. मला एकही पिल्लू नको. पिल्लं निघाली की इथल्या ज्यांना हवं त्यांना एकेक वाटून टाकू. माझ्याकडून भेट."

 मंडळात एक जुनी रीत आहे: कोणाची पेटी बंद पडली तर दुसऱ्यानं त्याची अंडी ठेवून घ्यायची, नाही म्हणायचं नाही. आणि दुसरी रीत, नर मादीच्या घरी जोडीला पाठवला की पिल्लांनी पहिला घास गिळेपर्यंत तो मादीवाल्याच्याच घरी राहतो. दोन्ही सगळ्यांना पाठ. ब्लाहानं एकदा भिंतीकडे पाहिलं. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

"अगं, त्यात काय," तो म्हणाला, लोणी वितळवत. "शिकायला वय नसतं, ताई."

"तू आहेस म्हणून रे," यार्मिला म्हणाली. घरी आल्यावर ती वीतला म्हणाली, "मला बाळ म्हणणाऱ्याला मी ताई म्हणायला लावलं," आणि सोफ्यावर बसून इतकी हसली की वीतनं टीव्ही बंद केला.

वसंतात मादीनं अंडी घातली. यार्मिलानं त्यांना बोटही लावलं नाही. ब्लाहाला बोलावलं, ओल्द्रिखला आणि कामिलला साक्षीला बोलावलं. ब्लाहानंच मादीच्या वेटोळ्यातून एकेक अंडं काढलं, त्यानंच प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीनं खूण केली, म्हणजे नेताना उलटं होऊ नये, आणि खुणेखाली ज्याचं त्याचं नाव लिहिलं. अंड्यांची वाटणी यार्मिलानं केली होती. ज्यांच्या बायका ड्रायरखाली रडल्या होत्या, नेमकी त्यांचीच नावं होती.

"मी लिफ्टचं दार धरते," ती म्हणाली. अंडी पायऱ्यांवर हलली असं उद्या कोणी म्हणायला नको.

त्या रात्री वीत बोलला. महिन्याभराचं एकदम बोलला. "यार्मिला, ती पिल्लं जन्माला येणार. तशीच फिरणार. तुला माहितीये."

"माहितीये."

"तुझ्या रागापायी."

ती भांडी पुसत राहिली. "हो," ती म्हणाली. "माझ्या रागापायी. म्हणून जी फिरतील ती मीच घेऊन येणार. मरेपर्यंत भरवीन. पण त्याला सोडणार नाही."

वीत पुन्हा गप्प झाला. यावेळी दमून नव्हे.

उन्हाळा संपता संपता वाटपाची बैठक ठरली. यार्मिला दुपारीच खाणावळीत गेली आणि मालकिणीला म्हणाली, "तुझी शेगडी आज जरा जोरात पेटव. माझे सांधे दुखतात."

"ऑगस्टात?"

"सांध्यांना महिना कळत नाही."

तिला ब्लाहा काय करणार ते माहीत होतं. त्यानं तेच केलं. पिल्लं त्यानं दिवसभर गॅरेजच्या गार फरशीवर ठेवली होती, आणि चहाच्या पेल्याएवढ्या डब्यांत घालून आणली. अजगर गार असला, चेंडू होऊन कोंबलेला असला की काही हलत नाही. सहा डबे, तीन साधी, तीन जाळीवाली, सगळी दगडासारखी शांत.

"प्रवासानं दमलीत," ब्लाहा म्हणाला. "घरी जाऊनच उघडा. असं असतं, मंडळी."

"नवीन मालकानं हातात घेऊन दाखवायचं नाही का?" यार्मिलानं विचारलं. आवाज मधाचा. "नेहमी घेतात."

नेहमी घेतात, तेही खरंच. हातात घ्यायचं, स्लिवोवित्साचा, म्हणजे आलुबुखाराच्या दारूचा, एक घोट प्यायचा, पिल्लाला नाव द्यायचं. ब्लाहाच्या कपाळावर घाम होता, पण खोलीत तर सगळ्यांच्याच होता. ओल्द्रिखनं आपला डबा उघडला. तो सिग्नलवर काम करायचा, हात फावड्यासारखे आणि कायम गरम. जाळीवालं पिल्लू त्यानं तळव्यावर ठेवलं. खोली पाहत राहिली. पिल्लू हळूहळू सुटलं. डोकं वर आलं, कललं, आणि हवेत गिरमिटासारखं फिरू लागलं, वर, वर, मग उलटं, आणि ओल्द्रिखच्या हनुवटीकडे खालून बघत थांबलं.

कोणी हसलं नाही.

"उजेडानं," ब्लाहा म्हणाला. "दिवा मंद करा कोणीतरी. आणि ओल्द्रिख, तुझा हात थरथरतोय."

"माझा हात थरथरतो," ओल्द्रिख म्हणाला. तो सगळं मोठ्यानंच बोलतो. "पण हाताला मान नाही, चेस्तमीर. मान ह्याची फिरतेय."

कामिलनं आपलं बाहेर काढलं. तेही जाळीवालं. तेही फिरलं. तिसरं फिरलं. शेजारच्या तिघांच्या हातात साधी पिल्लं काठीसारखी सरळ, जीभ आतबाहेर करत.

मग कामिल डोळे खाली करून म्हणाला, "माझ्याकडेही असं एक आहे. कपाटात."

"माझ्याकडे दोन," ओल्द्रिख म्हणाला. "मला वाटलं माझी पेटीच बाद आहे."

"मी तर खोलीची खिडकी बदलली," तिसरा म्हणाला. "वारा येतो म्हणून."

सगळे ब्लाहाकडे वळले. आणि ओल्द्रिखनं, त्याच्या त्या स्टेशनभर ऐकू जाणाऱ्या आवाजात, अगदी साधेपणानं विचारलं, "चेस्तमीर, तू भाजलीस का रे ही?"

यार्मिला कोपऱ्यात बसून व्हिनेगरमध्ये मुरवलेलं सॉसेज खात होती.  तिनं कांद्याची एकेक चकती वेगळी काढून खाल्ली. ब्लाहानं टोपी उचलली, म्हणाला की त्याला सकाळी शिकवणी आहे, आणि गेला. जाळीवाली तिन्ही पिल्लं यार्मिलानं टोपलीत घालून घरी नेली, आणि ज्यांची नेली त्यांना बदली तिच्याकडे न विकता पडून राहिलेल्या साध्या अजगरांतला एकेक दिला. आता ते सगळ्यांना हवे होते.

गावाला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. ब्लाहानं अजून कबूल केलेलं नव्हतं, आणि सम्राट यार्मिलाच्या तिसऱ्या मजल्यावर होता. फिरकी पिल्लांनी पहिला घास गिळायला वेळ घेतला, कारण तो त्यांना रोज चिमट्यानं, मान बोटांनी सरळ धरून भरवावा लागायचा. शेवटी त्यांनी गिळला. त्या दिवशी यार्मिलानं दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली: चेस्तमीरनं सम्राट न्यावा. दुकानाच्या वेळात.

आमची आई त्या वेळी दुकानात केसांना रंग लावून बसली होती आणि मी तिची वाट बघत होते. मी म्हटलं, तो येणारच नाही. बायकोला पाठवील. इतक्या बायकांसमोर तो मेला तरी यायचा नाही.

"येईल," यार्मिला म्हणाली. "स्वतः येईल, खुर्चीत बसेल आणि बोलेल."

"पैज."

तिनं माझ्या वेणीकडे पाहिलं. कमरेपर्यंत होती. "जिंकले तर ही वेणी माझी," ती म्हणाली. "हरले तर तुझे केस मी वर्षभर फुकट कापीन."

तो शुक्रवारी आला. दोन्ही ड्रायर भरलेले होते, आणि दाराशी आणखी बायका, ज्यांचे केस कालच कापलेले होते. ब्लाहाच्या हातात कापडी पिशवी होती, अजगर न्यायची.

"दे," तो म्हणाला. "माझा सम्राट दे."

"बस आधी. मागे किती वाढलेत बघ."

"यार्मिला."

"तो बरा आहे. वर उन्हात पडलाय. काल चांगला जेवला." ती खुर्ची फिरवून उभी राहिली. "तुझी वाट बघतोय म्हण."

ब्लाहाचा चेहरा तेव्हा उतरला. तो बसला. तिनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, जरा घट्टच, आणि कात्री घेतली.

"हे ड्रायर बंद करा गं," ड्रायरखालून ओल्द्रिखची बायको ओरडली. "ऐकू येत नाही."

ड्रायर बंद झाले. कात्री कानाशी चालू लागली.

"बोल," यार्मिला म्हणाली.

"काय बोलू?"

"माझी पेटी गरम होती का?"

 मग तो म्हणाला, "नाही."

"मग कशात होतं?"

"रक्तात."

"कोणाच्या?"

"सम्राटाच्या." लोणी सगळं संपलं होतं.

"कधीपासून माहीत होतं?"

त्यानं आरशात पाहिलं आणि लगेच नजर काढली. "पहिल्या वर्षापासून."

कात्री थांबली.  यार्मिलाचा डावा हात उघडा होता, तळवा वर, जसा ती पिल्लांना भरवताना धरते तसा. मग तिनं तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"मान सरळ ठेव," ती म्हणाली. "डुलू नको."

तिनं उजवी बाजू नीट कापली, कानामागचंही साफ केलं, मग कापड सोडलं आणि झटकलं. डावी बाजू तशीच होती, कानावर लोंबत.

"झालं?" ब्लाहानं विचारलं.

"तुझ्यापुरतं झालं."

ती वर गेली आणि सम्राटाला स्वतः पिशवीत घालून घेऊन आली. तळाशी गरम पाण्याची बाटली ठेवली होती. ब्लाहानं पिशवी कोटाच्या आत, छातीशी धरली, अर्ध्या डोक्यानिशी दारातल्या बायकांमधून वाट काढली आणि गेला. आता त्या नराला प्शेरोवमधली एकही मादी मिळणार नव्हती, आणि ते त्यालाही कळलेलं होतं.

यार्मिलानं जमिनीवरचे केस झाडले. मग खुर्चीची पाठ थोपटली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तो बसला ते सम्राटासाठी, तुमच्यासाठी नाही, त्यामुळे पैज धरता येत नाही.

"बस," ती म्हणाली. आई हसत होती. मी बसले, आणि तिनं वेणी मानेपाशी धरून एका कात्रीत कापली.